विशूशिवायचा खेळ

रविवारची दुपार होती. जेवण करून मी आडवी झाले होते. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जात होता, मिटल्या डोळ्यांपुढे झोपेआधीचा तो तांबूस अंधार पसरत चालला होता... तेवढ्यात उशाशी फोन वाजला. केतकीचा. केतकी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, पण अशा भरदुपारी ती कधी फोन करत नाही. "मंजू, विशू गेली," ती म्हणाली. आणि मी अर्धवट झोपेत, अगदी सहज विचारलं, "कुठे?"

केतकी शिवाजी पार्कला राहते, तिच्या गॅलरीतून मैदानावरचा क्रिकेटचा गलका ऐकू येतो, फोनवर तेवढाच येत राहिला. मग तिने श्वास घेतल्याचं ऐकू आलं आणि मला एकदम कळलं की मी काय विचारलं होतं. विशाखा सकाळी उठलीच नव्हती. झोपेतच गेली होती. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

हेच वाक्य, याच आवाजात, मी आयुष्यात आधी एकदा ऐकलं होतं. दादरच्या आमच्या कॉलेजच्या मागे बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट होतं. एका दुपारी मी बुटाची नाडी बांधत बसले होते आणि केतकी समोर येऊन उभी राहिली. "मंजू, विशू गेली." तेव्हाही मी "कुठे?" असंच विचारलं होतं. त्या वेळी त्या प्रश्नाला निदान उत्तर तरी होतं.

विशाखा मोरे चिंचपोकळीच्या चाळीत वाढली. वडील गिरणीत होते, मग गिरणी बंद पडली आणि ते नुसतेच घरी होते. सहा फुटांना जेमतेम दोन बोटं कमी, अशी ही मुलगी कॉलेजच्या पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारातून किंचित वाकून आत आली. दार काही तेवढं ठेंगणं नव्हतं, पण तिला ती सवयच होती. आयुष्यभर दारांनी, माळ्यांनी, लोकांच्या नजरांनी तिला वाकायला शिकवलं होतं. "वर हवा कशी आहे गं?" असं कोणी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "गार आहे. येतेस?" दिवाळीत चाळीतले सगळे कंदील तीच टांगायची, आणि त्यासाठी तिला स्टूल लागायचं नाही.

मी लालबागची, परबांची मंजिरी. पाच फुटांची. शाळेत खो-खो खेळायचे. कॉलेजात खो-खोची टीमच नव्हती, म्हणून बास्केटबॉलकडे वळले. आमचे कोच फर्नांडिस सर मला पाहून म्हणाले होते, "ही बॉल घेऊन पळते का बॉल हिला घेऊन पळते?" पण माझे पाय बघून त्यांनी मला गार्ड केलं. बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणजे बॉल पुढे घेऊन जाणारी, डाव मांडणारी. आमच्याकडे अशा दोघी, मी आणि केतकी. आणि बास्केटखाली उभी राहणारी जी सर्वांत उंच, ती सेंटर. ती विशाखा.

खरं सांगायचं तर विशू असताना आम्हाला डाव मांडावाच लागला नाही. सरांची सगळी शिकवण एका वाक्यात मावायची... "हात दिसला की टाक." आम्ही बॉल टपटपवत अर्धं मैदान ओलांडायचो, मान वर करायचो, आणि बाकी सगळ्या डोक्यांच्या वर, संध्याकाळच्या उन्हात, विशूचा उजवा तळहात उघडलेला दिसायचा. आजही डोळे मिटले की मला तेच दिसतं. बॉल माझ्या हातातून सुटायचा, वर चढत जायचा, कोर्टाच्या कडेच्या गुलमोहराच्या उंचीला जाऊन जरा रेंगाळल्यासारखा वाटायचा, आणि त्या तळहातात असा उतरायचा की आवाज व्हायचा नाही. मग ती वळायची आणि बॉल जाळीतून खाली. त्या क्षणी सगळं कसं थांबल्यासारखं व्हायचं. मुली ओरडायच्या, शिट्टी वाजायची, ते सगळं नंतर. आधी फक्त तो न झालेला आवाज.

त्या वर्षी आम्ही जिंकतच होतो. केतकी आणि मी स्वतःला फार मोठ्या गार्ड समजत होतो. पुढे कधीतरी केतकीच म्हणाली, "गार्ड कसल्या गं, पोस्टमन होतो आपण. एकच पत्ता पाठ होता."

आणि मोसमाच्या मध्यावर विशू गेली. एका मोठ्या सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळाली, लगेच रुजू व्हायचं होतं आणि खात्याच्याच टीमकडून खेळायचं होतं. कॉलेज ती बाहेरून पुरं करणार होती. आम्हाला कुणालाच तिने सांगितलं नाही. सरांना त्याच सकाळी कळलं. केतकीला कॉलेजच्या ऑफिसातल्या कारकुनाकडून. केतकीचे डोळे लाल झाले होते. "नोकरी घे ना बाई, कोण नाही म्हणतंय? पण सांगून तरी जायचं! आपण कोण आहोत तिच्या?"

त्यानंतरची पहिली मॅच मला अजून स्वप्नात येते. त्या स्वप्नात विशू नसते, तरी ती कुठे आहे ते मला नक्की माहीत असतं. मी अर्धं मैदान ओलांडलं, मान वर केली, हात सुटला... बॉल गेला तो सरळ मागच्या भिंतीवर. जिथे विशू असायची तिथून, त्याच उंचीवरून, अगदी बरोबर गेला. पास चुकला नव्हताच, घेणारी तिथे नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मग केतकीनेही तसाच टाकला. बाजूने सर ओरडले, "ए मंजिरी! बॉल कोणाला दिला? भुताला?" आमच्यातल्या दोघीतिघी हसल्या. केतकी मात्र मैदानाच्या मधोमध उभी राहून रडायला लागली. आम्ही ती मॅच इतक्या वाईट हरलो की समोरच्या टीमच्या मुली हात मिळवताना आमच्याकडे बघत नव्हत्या.

त्याच आठवड्यात मी चिंचपोकळीला विशूच्या घरी गेले. ती अजून ऑफिसातून आली नव्हती. तिची आई दारातच मेथी निवडत बसली होती. मला बघून तिने न बोलता अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. त्या घरात पाहुण्याला असंच बसवून घ्यायचे. चाळीच्या लांब गॅलरीत दुपार कलत होती, खालच्या वर्कशॉपमधून लोखंडावर काहीतरी घासल्याचा एकसुरी आवाज येत होता. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "रागावलात ना पोरींनो?"

"मी नाही. केतकी रागावलीय."

"रागवू दे. तिचा हक्क हाय." मेथीचं एक पान तिने उलटंपालटं करून बघितलं. "दोन दिस जेवली नव्हती आमची. मी म्हनलं, अगं सांग त्यांना, मैत्रिणी हायेत. तर म्हनती कशी, आई, सांगितलं तर त्या थांब म्हनतील. आन् त्या थांब म्हनल्या ना, तर मी थांबेन गं."

मेथी निवडून झाली तरी मी देठ चाळवत बसले होते. विशू काही तेव्हा भेटली नाही, पण उतरताना जिना मला नेहमीपेक्षा मोठा वाटला. ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी केतकीला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "थांब म्हटलंच असतं मी." राग गेला नाही तिचा, पण तो आता विशूवरच होता की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सरांनी आधी साधा उपाय करून पाहिला. आमच्यातली त्यातल्या त्यात उंच मुलगी विशूच्या जागी उभी केली. बिचारी घाबरून हात वर धरायची आणि आम्ही टाकलेला बॉल तिच्या बोटांना लागून उडायचा. तीन-चार दिवस हे चाललं. मग एका दुपारी सर खडूचा मोठा तुकडा घेऊन आले. बास्केटखालची सगळी जागा त्यांनी खडूने आखून घेतली आणि गुडघ्यावर हात टेकून, धापा टाकत म्हणाले, "बघा. ही जागा विशाखाची होती. ती उभी असायची, तर दुसरं कोणी येऊ शकत नव्हतं. बरोबर? आता ती नाय. तर ही जागा कोणाची नाय. इथे उभं नाय राहायचं कोणी. यायचं, बॉल घ्यायचा, टाकायचा, निघायचं." मग माझ्याकडे वळले. "तू खो-खोवाली ना? मग बसलेल्या पोरींच्या मधून पळायला कोणी शिकवलं तुला? तेच कर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस आम्हाला ती जागा म्हणजे खड्डा वाटत होती. आम्ही तिच्या कडेने चालत होतो, आत बघत होतो. पण विशू असताना समोरच्या टीमच्या दोघीतिघीही तिला धरायला तिथेच दाटीवाटीने उभ्या असायच्या. आता ती नव्हती, म्हणून त्याही नव्हत्या. मधली सगळी वाट मोकळी पडली होती आणि ती आम्ही पाहिलीच नव्हती. मी केतकीला पास देऊन तिथेच उभी राहायचे, कारण माझं काम संपलेलं असायचं. आता पास दिल्यावर काम सुरू व्हायला लागलं. द्यायचा आणि पळायचं. त्या खडूच्या चौकोनातून तिरकं आत घुसायचं, परत आलेला बॉल पळता पळता घ्यायचा, जाळीत टाकायचा, नाही जमलं तर मागे केतकीकडे. केतकी कोपऱ्यात लांब उभी राहून बास्केट मारायला शिकली. रोज सगळ्या गेल्यावरही ती मारत राहायची. तिचा सगळा राग मनगटात उतरला होता, आणि का कोण जाणे, तिथे पोचेपर्यंत तो मऊ होत होता. बॉल तिच्या हातून फार हलका सुटायचा.

हे लिहिताना त्या संध्याकाळी एकात एक मिसळून जातात. घामाने भिजलेली बनियनं, कोर्टावर लांबत जाणाऱ्या आमच्या बुटक्या सावल्या, कबुतरं, आणि पुसट होत गेलेला खडू. एक दिवस पाहिलं तर रेघा पुसून गेल्या होत्या आणि सरांनी त्या पुन्हा काढल्या नाहीत. आम्ही जिंकायला लागलो होतो. पूर्वीसारखं नाही, धापा टाकत, एकदोन बास्केटांनी, पण जिंकत होतो.

मोसमाच्या शेवटी माझगावच्या बाजूला एक खुली स्पर्धा होती. कॉलेजं, क्लब, सरकारी खाती, सगळ्यांसाठी खुली. उपान्त्य फेरीत आमच्यासमोर विशूच्या खात्याची टीम आली.

वॉर्म-अपला ती पलीकडच्या बास्केटखाली होती. निळी जर्सी, केस आखूड कापलेले. माझ्या लक्षात आलं की इतके दिवस एकत्र खेळून मी तिला मैदानात समोरून कधी पाहिलंच नव्हतं. मला ठाऊक होता तो तिचा हात. आज पहिल्यांदा तिचा चेहरा समोर होता, आणि तो खेळताना इतका गंभीर, इतका एकटा दिसतो हे मला माहीत नव्हतं. तिने मला पाहून मान हलवली. केतकीने मान फिरवली.

पहिल्या हाफमध्ये तिने आम्हाला हलू दिलं नाही. आमच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या. मी निघताना आधी डावीकडे झुकते हे तिला माहीत, केतकी बॉल सोडायच्या आधी ओठ चावते हे माहीत. मी आत घुसले की वरून एक सावली यायची आणि बॉल नाहीसा व्हायचा. मध्यंतरात सर एवढंच म्हणाले, "ती मोठी हाय ना? तिला बाहेर बोलवा. घरातून बाहेर काढा तिला."

मग केतकी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिने लांबून एक मारला. मग अजून एक. तिसऱ्या वेळी विशूला बास्केट सोडून तिच्या अंगावर जावंच लागलं. ती दोन पावलं बाहेर आली आणि मागे ती जागा उघडी पडली. केतकीने तिच्या कमरेजवळून, खालून, जमिनीवर टप्पा देऊन बॉल मला दिला. मी खो मिळाल्यासारखी पळाले. जाळीत बॉल टाकून मागे वळले तर विशू केतकीसमोर तशीच उभी होती, हात अजून वरच, आणि ती हसत होती. आपल्याविरुद्ध बास्केट झालेली मुलगी इतकी मनापासून हसते, हे मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

आम्ही हरलो. एका बास्केटने. शेवटी शेवटी केतकी तिच्यावर आदळून पडली, तिचा गुडघा फुटला, आणि विशूने तिला एका हाताने उचलून उभं केलं. शिट्टी वाजल्यावर विशू आधी माझ्याकडे आली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. म्हणाली, "मंजे, तू आता वर बघत नाहीस गं." बस, एवढंच. तिला दुःख झालंय की आनंद, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळलेलं नाही. मग ती केतकीपाशी गेली. दोघी समोरासमोर उभ्या होत्या, एक वर बघत, एक खाली बघत.

"सांगायला हवं होतंस," केतकी म्हणाली.

"हो."

"मी थांब म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही ना सांगितलं."

केतकीने तिला मिठी मारली तेव्हा तिचं डोकं विशूच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हतं. गुडघ्याचं रक्त विशूच्या निळ्या चड्डीला लागलं. सर लांबून ओरडले, "अरे बस झालं, पाणी प्या!"

नंतरची वर्षं अशीच गेली, वर्षं जातात तशी. विशू खूप वर्षं खेळली, मग परळच्या एका मैदानात लहान मुलींना शिकवायला लागली. संजयशी लग्न केलं. तो तिच्याच खात्यातला, तिच्या खांद्याला लागणारा, आणि त्याचं त्याला भारी कौतुक. "माझी बायको गर्दीत हरवत नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. आम्ही तिघी वर्षातून दोनतीनदा भेटायचो, खायचो, हसायचो. खेळाविषयी फारसं बोलायचो नाही. बोलायची गरजच नसायची... कुठल्याही टेबलाशी बसलो तरी आमच्या तिघींच्या जागा आपोआप कोर्टावरच्यासारख्याच पडायच्या.

विशूसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फर्नांडिस सर आले होते. खूप थकलेत आता, काठी घेऊन चालतात. बुद्धवंदना चालू असताना शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. निघताना माझा हात धरून म्हणाले, "काय सॉफ्ट हात होते तिचे... आवाज नाय यायचा." मला वाटत होतं ते फक्त मीच ऐकलंय.

गेल्या आठवड्यात मी आणि केतकी विशूच्या घरी गेलो. चाळ पाडून तिथे आता टॉवर झालाय, बाराव्या मजल्यावर तिचं घर. खिडकीतून बंद गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती दिसतात आणि त्यांच्या मध्येच कुठेतरी समुद्राची एक राखाडी रेघ. विशूच्या आईला आता नीट ऐकू येत नाही. ती खुर्चीत बसून होती, केतकीचा हात हातात घेऊन. संजय चहा करायला उठला तर मी म्हटलं, बसा तुम्ही, मी करते, आणि स्वयंपाकघरात गेले.

तिथे गेल्यावर आधी मला कळेचना काय वेगळं आहे. मी गॅसपाशी उभी राहिले आणि माझी कोपरं पार खांद्यापर्यंत उचलली गेली. ओटा उंच होता. नेहमीच्या ओट्यापेक्षा चांगला वीतभर उंच, काळा ग्रॅनाइट, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. मी लहानपणी आईच्या ओट्याशी उभी राहायचे तशी झाले होते एकदम. दारात संजय येऊन उभा राहिला.

"मिस्त्रीने तीनदा विचारलं होतं," तो म्हणाला. "म्हणाला, ताई, माप चुकलंय. ही म्हणाली, नाही चुकलं. जन्मभर वाकून भाकऱ्या थापल्यात, आता या घरात मी सरळ उभी राहणार."

"मग तुम्ही कसं करता?"

त्याने पायानेच ओट्याखालचा एक पाट पुढे ओढला. साधा, जेवायला बसायचा लाकडी पाट. "आई, मी, सगळे यावरच उभे राहतो. ती असतानाही असंच. आम्ही दोघं वर, आणि ती आपली जमिनीवर." तो थोडा हसला. "परवा तोच मिस्त्री खाली भेटला. म्हणाला, आता करून देऊ का खाली? एक दिवसाचं काम आहे."

"काय म्हणालात?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून. आणि बाहेर गेला.

मी पाटावर चढले नाही. टाचा उचलून तशीच उभी राहिले. पाणी टाकलं, साखर टाकली, चहाची पूड टाकली. पातेल्यात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, फक्त कडेवरून वाफ वर जाताना दिसत होती. खिडकीतून ऊन तिरकं आत येऊन बरोबर ओट्यावर पडलं होतं. बाहेर केतकी आईला मोठ्याने काहीतरी सांगत होती, आई "काय?" म्हणत होती, केतकी पुन्हा सांगत होती. चहाचा वास आला तेव्हा मी अंदाजानेच गॅस बारीक केला, आणि वर हात करून, फळीवरचे कप चाचपत शोधायला लागले.